भिंतीवरची करवंटी

भिंत

बोळिंजहून आगाशीकडे निघालं की आधी टॉवर संपतात, मग टॉवरच्या जाहिराती संपतात आणि मग केळी सुरू होतात. तिथल्या एका आळीत दोन घरांची स्वयंपाकघरं एकमेकांकडे तोंड करून बसली आहेत. मध्ये कमरेएवढी दगडी भिंत. अलीकडे आत्माराम राऊत, त्याची बायको चंद्रकांता, नोकरीला जाणारे मुलगा आणि सून, आणि मागे सोनचाफ्याची वाडी. पलीकडे सेलिन लोपीस, एकटी, आणि तिचा टीव्ही.

भिंतीवर तीन रंगांची मांजर.

अलीकडे तिचं नाव ठमी. पलीकडे फिलू. फिलू म्हणजे फिलोमिना, सेलिनच्या मावशीचं नाव.

"माणसाचं नाव मांजराला ठेवतात होय गं?" चंद्रकांता म्हणायची.

"मावशी पन अशीच होती, वयनी. जेवायची दोन घरी आणि नावं ठेवायची दोघांना."

नऊ वर्षं हा वाद चालू होता आणि नऊ वर्षं मांजर दोन्ही नावांना ओ देत होती. मात्र सकाळची वेळ तिने अलीकडे दिलेली होती. चाफा तोडून झाला, आत्माराम पुन्हा वाडीत गेला, मुलगा-सून आपापल्या कामाला गेले की चंद्रकांता ओटीवर फुलं पानात बांधायला बसे. शेजारच्या रिकाम्या टोपलीत ठमी. दीड-दोन तास घरात या दोघीच. चंद्रकांता हळू आवाजात तिला काहीबाही सांगत राही. काय सांगे ते कुणाला माहीत नाही. बरंचसं सुनेबद्दल असावं, कारण क्षितिजा सुट्टीच्या दिवशी घरी असली की ओटीवर शांतता असे.

श्रावण, अलीकडून

श्रावण लागला. राऊतांच्या घरात महिनाभर मासळी बंद. ठमीला दूध-भात.

ठमीने दूध-भाताचा वास घेतला आणि तोंड फिरवलं.

"रुसली," चंद्रकांता म्हणाली. "तिला कशाला गोड लागतंय? पलीकडे सेलिनकडे रोज ताव मारत असेल."

दुसऱ्या आठवड्यात ठमीच्या मानेवरचे केस पुंजक्यांनी गळायला लागले. पाठीवर खपल्या आल्या. अंगावरचे केस गुंतून त्यांच्या गाठी झाल्या, जणू कुणी तिला चिखलात बुडवून उन्हात वाळत घातलं होतं. आत्माराम म्हणाला, खरूज आहे. त्याच्या वडिलांच्या वेळी गोठ्यातल्या बैलांना लावायचे ते औषध त्याला पाठ होतं. त्याने करंजाच्या तेलात कापूर विरघळवला, ठमीला मुंडीला धरलं आणि तिच्या पाठीवर चोळून टाकलं. ठमी कौलांवर जाऊन बसली ती संध्याकाळपर्यंत उतरली नाही.

क्षितिजा कामावरून आली ती नाक धरूनच.

"आई, गणपतीला माणसं येणार आपल्याकडे. लहान मुलं असतात. ही अशी खपल्या घेऊन मखराभोवती फिरणार का?"

"मग काय करू? तिला सांगू, दीड दिवस येऊ नकोस म्हणून?"

"मासळी बाजारात सोडून या," आत्माराम म्हणाला. "मजेत राहील."

चंद्रकांता उठून वाटी बघायला गेली. पण वाटीतला दूध-भात त्या दिवशीही तसाच होता, आणि तो तिने कावळ्यांना टाकला.

श्रावण, पलीकडून

हे आधीच सांगायला हवं होतं, पण चंद्रकांताला तेव्हा ते ठाऊक नव्हतं.

सहा वर्षांपूर्वी राऊतांकडे श्रावणातला सत्यनारायण होता. भटजी कथेच्या तिसऱ्या अध्यायात असताना मांजर पलीकडून आली आणि बोंबलाचं एक डोकं चौरंगाखाली ठेवून निघून गेली. चंद्रकांता हसली. आत्माराम हसला नाही. पूजा पुन्हा मांडावी लागली. सेलिन संध्याकाळी पडलेल्या चेहऱ्याने माफी मागायला आली, तर चंद्रकांताने तिच्या हातावर शिरा ठेवला आणि म्हणाली, "अगं, तिने तिचा नैवेद्य आणला."

विषय तिथे संपला. अलीकडे.

पलीकडे सेलिनने मनाशी ठरवलं की श्रावणात मांजराला माशाचा तुकडा द्यायचा नाही. महिन्याचा तर प्रश्न. वयनी दूध-भात देतेच आहे. हे तिने चंद्रकांताला कधी सांगितलं नाही. सांगायचं काय त्यात? सांगितलं तर उपकार केल्यासारखं दिसतं.

म्हणजे सहा श्रावण ठमी-फिलूने उंदरांवर, पालींवर आणि चोरीवर काढले होते. सातव्या श्रावणात तिला उंदीर चावता येईना.

तीन दिवस

अमावस्या झाली. आता गणपतीपर्यंत मधले दिवस मोकळे. चंद्रकांताने आगाशीहून मांदेली आणली, साफ करायच्या आधी त्यातली सर्वांत गुबगुबीत बाजूला काढली आणि ओटीवर ठेवली.

"ये बाई. सुटलीस एकदाची."

ठमी आली. धावतच आली. तिने मांदेली तोंडात घेतली, एकदा चावली आणि किंचाळली. मासा फेकला, पंजाने स्वतःचंच तोंड ओरबाडलं, आणि त्या मेलेल्या माशाकडे बघून फिस्कारत मागे मागे सरकत गेली. जणू माशानेच तिला चावलं होतं.

मग पुन्हा आली. पुन्हा वास घेतला. पुन्हा पळाली.

तिसऱ्यांदा ती नुसती माशासमोर बसून राहिली. हनुवटीवरून लाळेची तार लोंबत होती आणि लाळ गुलाबी होती.

चंद्रकांता भिंतीशी गेली.

"सेलिन! रिक्षा थांबव!"

पूर्वेला

फुलांची वेताची टोपली, वर दुसरी टोपली उपडी, भोवती काथ्याची दोरी. टोपली सेलिनच्या मांडीवर, दोरीचं टोक चंद्रकांताच्या मुठीत. रिक्षावाल्याने आरशात पाहिलं.

"कोंबडी आहे का मावशी?"

"नाही. पाव्हणी आहे. रेल्वेचा पूल ओलांडून फुलपाड्याला घे, आणि खड्डे बघून घे."

फुलपाड्याच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई वयाने क्षितिजाएवढीच होती. अश्लेषा नाव, केस वर बांधलेले, हातावर जुन्या ओरखड्यांच्या पांढऱ्या रेघा. चंद्रकांताला त्या रेघा बघून बरं वाटलं. डॉक्टरीणबाईने मांजराला टॉवेलात गुंडाळलं, ओठ वर केला आणि शीळ घातली.

हिरड्या कच्च्या मांसासारख्या लाल. मागच्या दाढांवर पिवळं कवच. दोन दात मुळाशी पोकळ.

"हे महिन्याभराचं नाही. दात बरेच दिवस सडतायत. मांजर दुखणं लपवतं. दातांवर उपाय केल्याशिवाय कातडी बरी होणार नाही."

"दातांचा आणि कातडीचा काय संबंध?" चंद्रकांताने विचारलं.

"मांजर दिवसभर काय करते? स्वतःला चाटते. तीच तिची आंघोळ. हिचं तोंड दुखतंय म्हणून चाटणं बंद. चाटणं बंद म्हणून अंगावर घाण, पिसवा, बुरशी." तिने पाठीवरून बोट फिरवलं आणि नाकाशी नेलं. "हा कापूर कोणी लावला?"

"आमच्या ह्यांनी. बैलांना लावायचे पूर्वी."

"ही बैल आहे का?"

सेलिनला हसू आलं, ते तिने दाबलं.

"कापूर मांजराला विष आहे, काकू. कातडीतूनही जातो, पण जास्त पोटात गेला की संपलं. ही चाटू शकत नव्हती म्हणून वाचली. ज्या दुखण्याने मरायला टेकली त्याच दुखण्याने वाचवलंय तिला." मग तिने मांजराला काट्यावर ठेवलं आणि आकडा कागदावर लिहिला. "तीन-चार आठवडे हिने पोटभर खाल्लेलं नाही. खायला कोण घालतं हिला?"

चंद्रकांताने सेलिनकडे पाहिलं.

सेलिनने चंद्रकांताकडे.

"तू...?"

"मला वाटलं तुम्ही..."

"मी म्हटलं, पलीकडे मासळी..."

"श्रावणात? तुमच्या श्रावणात मी कशी देईन, वयनी?"

आणि मग सहा वर्षांपूर्वीचं ते बोंबलाचं डोकं, सत्यनारायण, मनाशी केलेला नेम, सगळं सेलिनने त्या दवाखान्याच्या स्टुलावर बसून सांगितलं. डॉक्टरीणबाई ऐकत होती की नाही कळलं नाही. ती रक्त काढत होती.

"अगं, मग सांगायचं नाही का!" चंद्रकांता म्हणाली.

"तुम्ही विचारायचं नाही का!"

दोन हात

दुसऱ्या दिवशी भूल देऊन अकरा दात काढले. म्हातारी मांजर, अशक्त. भूल उतरेल याची खात्री नाही असं आधीच सांगून कागदावर सही घेतली. मालक या रकान्यात चंद्रकांताने सही केली, आणि तिच्याखाली सेलिननेही केली, जागा नव्हती तरी.

भूल उतरली.

घरी आणताना डॉक्टरीणबाईने सगळं एकदा सांगितलं आणि शेवटची गोष्ट तीनदा. सहा आठवडे औषध. रोज दोनदा तोंडात पिचकारी, आठवडाभराने आंघोळी सुरू, फेस दहा मिनिटं अंगावर ठेवायचा. गणपतीची गर्दी आहे तर पलीकडच्या घरात ठेवा. आणि...

"औषध देणारा हात आणि खायला घालणारा हात वेगळा ठेवा. एकच असला तर ती खाणं सोडेल. वास घेऊन ओळखते ती. एकीने वाईट व्हायचं, एकीने चांगलं."

परतीच्या रिक्षात पूल आला.

"मी होते वाईट," सेलिन म्हणाली. "मासळी मी बंद केली होती."

"हात दाखव."

सेलिनने दाखवला. संधिवाताने दोन बोटं आत वळलेली. पाण्याच्या बाटलीचं झाकण ती फडक्याने उघडायची.

"याने पिचकारी धरणार तू?"

"प्रयत्न करीन."

"आणि ती निसटली की कौलांवर कोण चढणार? तुझा टीव्ही?" चंद्रकांताने टोपलीवरची दोरी मुठीत आणखी एक वेढा घेऊन धरली. पहाटेच्या अंधारात चाफ्याची फांदी न हलवता फूल तोडणारा हात होता तो. दुसऱ्या कुणाला हे काम जमणार नव्हतं, आणि हे तिला दवाखान्यातच कळलं होतं. "तू घाल खायला. फिलूच म्हण तिला."

दिनदर्शिकेवर

राऊतांच्या स्वयंपाकघराच्या दारामागे टांगलेली दिनदर्शिका. चौकोनांत पेन्सिलीने, चंद्रकांताच्या अक्षरात:

*गणेश चतुर्थी.* औषध दिलं. अर्धं माझ्या पदरावर.

*ऋषिपंचमी.* गळ्यात नरसाळं घालून बसली आहे. गणपती नमस्काराला आलेली मुलं आधी तिलाच बघायला भिंतीवर चढतात.

*गौरी बसल्या.* दिलं. चावली. आता चावण्यात काही राम नाही.

*अनंत चतुर्दशी.* आंघोळ. तीन मिनिटं फेस ठेवला. मग ती कपाटावर, फेसासकट.

*पितृपक्ष लागला.* मला बघून पळाली.

*तृतीया.* पळाली.

*चतुर्थी.* आंघोळ, दहा मिनिटं पूर्ण. माझे दोन्ही दंड ओरबाडले.

*षष्ठी.* साडी पाहून पळाली. मी नव्हते. दोरीवर वाळत होती.

करवंटी

चंद्रकांताने खाण्याच्या वेळी पलीकडे फिरकायचं नाही असं ठरलं होतं. मग ठमीने खाल्लं की नाही हे कळायचं कसं? फोन सेलिनला ऐकू येत नसे, टीव्ही चालू.

म्हणून भिंतीवर नारळाची अर्धी करवंटी. उपडी म्हणजे खाल्लं. उताणी म्हणजे नाही.

पहिले दोन दिवस करवंटी उताणीच होती आणि तिच्यात पावसाचं पाणी साचलं. मग तिसऱ्या सकाळी ती उपडी दिसली. पातळ पेजेत कुस्करलेला बांगडा, सेलिनने नंतर सांगितलं, बोटावरून चाटला. चंद्रकांता फुलं बांधता बांधता मान वळवून दर थोड्या वेळाने करवंटीकडे बघे. शेजारची टोपली रिकामी होती. तिने ती टोपली उचलून ठेवली नाही, आत्मारामने दोनदा विचारूनही.

आत्मारामने पुन्हा कधी बाजारात सोडायचं नाव काढलं नाही. करंजाच्या तेलाची बाटली एक दिवस फडताळातून नाहीशी झाली. कुणी टाकली हे कुणी विचारलं नाही.

तिसऱ्या आठवड्यात सेलिन भिंतीशी आली.

"वयनी, आता बदलू. मी शिकले पिचकारी. तुम्ही घाला खायला. किती दिवस झाले, तुमच्या मांडीवर आली नाही ती."

चंद्रकांताच्या हातात चाफ्याचं पान होतं. तिने त्याची शीर काढली, मग दुसऱ्या पानाची काढली.

तिला हो म्हणायचं होतं.

"नको," ती म्हणाली. "आत्ता कुठे तुझ्या हातचं खातेय. तू पिचकारी धरलीस तर तुझ्याकडेही खायची नाही आणि माझ्याकडे तर येतच नाही. मग तिसरं घर कुठून आणायचं?"

"पन तुम्हाला..."

"तिचं किती वजन वाढलं ते सांग."

चार दिवस

सहाव्या आठवड्यात सेलिनला जावं लागलं. तिच्या मुलाच्या, एरॉलच्या, मुलीचा बाप्तिस्मा पुण्याला होता. चार दिवस. टळण्यासारखं नव्हतं. तिने बांगडा उकडून डब्यात भरून ठेवला, किल्ली भिंतीवर ठेवली आणि टॅक्सीत बसताना म्हणाली, "भूक लागली की खाईल. भूक कुनाला सोडते?"

पहिल्या दिवशी चंद्रकांताने वाटी ठेवली आणि दाराआड गेली. ठमी पलंगाखालून बाहेर आली नाही. संध्याकाळी क्षितिजाने ऑफिसच्या कपड्यांतच जमिनीवर झोपून "ये ना, ये ना" केलं. ठमीने तिच्याकडे पाहिलंही नाही. आत्माराम गेला तर ती खिडकीतून कौलांवर पोचली. कापूर ती विसरली नव्हती.

करवंटी उताणी.

दुसऱ्या दिवशी सकाळी चंद्रकांताने दवाखान्यात फोन केला. डॉक्टरीणबाई म्हणाली, मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिली तर यकृतावर जातं, काहीही करा पण आज तिच्या पोटात गेलं पाहिजे. जबरदस्तीने भरवू नका, हिरड्या कोवळ्या आहेत.

काहीही करा.

सेलिनच्या स्वयंपाकघराच्या दारामागे खुंटीवर तिचा गाऊन होता. निळा, पांढऱ्या फुलांचा, दोन्ही खिसे फाटलेले. चंद्रकांताने तो नाकाशी नेला. लसूण, नारळाचं दूध, टाल्कम पावडर. चौसष्ट वर्षांत तिने गाऊन घातला नव्हता. बाळंतपणात नाही, आजारपणात नाही. क्षितिजाने एकदा आणून दिला होता तो अजून घडीत होता.

तिने आळीत कुणी नाही हे पाहिलं, दार लोटलं आणि साडी सोडली. गाऊन डोक्यावरून घातला. खांद्यात सैल, पोटावर घट्ट. डब्यातला बांगडा दोन्ही तळहातांना चोळला, कोपरापर्यंत. सेलिनची पावडर मानेला लावली. मग सेलिन बसते तिथे, मागच्या पायरीवर, सेलिनसारखे पाय लांब करून बसली.

आणि ज्या नावाने नऊ वर्षांत मांजराला एकदाही हाक मारली नव्हती त्याने तिने हाक मारली.

"फिलू."

काही नाही.

"फिलू, ये बाय. फिलू."

आवाज सेलिनचा नव्हता. पण आवाज बारीक होता, टीव्हीच्या आवाजाखाली सेलिनचा असतो तसा. पलंगाखालून आधी मिशा आल्या. मग डोकं. कानांमागे नवी लव उगवली होती, पाठीवरच्या खपल्या गेल्या होत्या आणि तिथे तिन्ही रंग पुन्हा आपापल्या जागी येऊ लागले होते. इतक्या जवळून, झटापट न करता, चंद्रकांता ते पहिल्यांदाच पाहत होती.

"काय सेलिन, लवकर आलीस?" भिंतीपलीकडून आत्माराम.

चंद्रकांताने मान न वळवता हात हलवला. जा.

"आमचं माणूस दिसलं का कुठे? सकाळपासून चहा नाही."

तिने पुन्हा हात हलवला, यावेळी जोरात. आत्माराम पुटपुटत वाडीकडे गेला.

ठमी वाटीशी आली. वाटीऐवजी तिने आधी बोटं हुंगली, मग मनगट, मग गाऊनचा फाटका खिसा. खिशापाशी बराच वेळ थांबली. मग ठमीने जीभ काढली आणि तळहातावरून बांगडा चाटायला सुरुवात केली. खरखरीत जीभ, ओली, दात न लागणारी. तळहात संपल्यावर वाटी. वाटी संपवून ती पायरीच्या उन्हात बसली, एक पंजा उचलला आणि चाटला. तो ओला पंजा कानावरून फिरवला. मग खांदा. मग मान वळवून पाठ, जिथपर्यंत पोचतं तिथपर्यंत.

अख्ख्या श्रावणात, भाद्रपदात, तिने हे केलं नव्हतं.

चंद्रकांताचा हात उठला होता. तो तिने गुडघ्यावर ठेवला. गाऊनला आणि मासळीला भुलून आलेलं जनावर. खाली तिच्या कातडीला औषधाचा वास होता, तो तिला स्वतःलाही येत होता. ती तशीच बसून राहिली. सांगण्यासारखं बरंच साठलं होतं, दीड महिन्याचं, पण आवाज ओळखू आला असता. म्हणून तिने काही सांगितलं नाही.

ठमीने अंग आवरलं आणि त्याच उन्हात झोपली.

मग चंद्रकांता हळूच उठली. गाऊन काढून खुंटीला लावला, साडी नेसली, घरी जाऊन आत्मारामला चहा दिला.

"सेलिन आली वाटतं," तो म्हणाला. "जरा जाडी झाली."

"हो का?" चंद्रकांता म्हणाली.

परत जाऊन तिने भिंतीवरची करवंटी उपडी केली. बघायला पलीकडे कुणी नव्हतं.

पाच वाजता ती पिचकारी भरून पलीकडे गेली. पदराचा काठ दारात दिसताच ठमी पायरीवरून उठली आणि पलंगाखाली पळाली. चंद्रकांताने गुडघे टेकले, डावा हात आत घातला, मानगूट बरोबर सापडलं. पिचकारी गालाच्या कोपऱ्यातून आत. एक थेंब सांडला नाही.

*एकादशी,* तिने घरी येऊन चौकोनात लिहिलं. *खाल्लं. अंग चाटलं. औषध दिलं. पळाली.*

अजून दोन दिवस होते सेलिनला यायला. गाऊन धुवायचा नाही हे तिने पेन्सिलीनेच खाली लिहून ठेवलं.